स्मृतिवाटप, गतिक
संगणकाचा अभिक्रम चालू असताना त्यास लागेल तशी स्मृतीतील जागा देणे व काम संपताच ती परत घेणे, या क्रियेस गतिक स्मृतिवाटप म्हणतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेल्या आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकाची स्मृती अवघी २,०४८ शब्दांची होती. इतक्या लहान स्मृतीत कोणती संख्या कोठे ठेवावयाची हे अभिक्रम लिहितानाच ठरविता येते. परंतु माहितीचा आकार आधी ठाऊक नसेल, तर वाटप ऐनवेळीच करावे लागते.

मुख्य अडचण विखंडनाची. समजा, एवढ्याच स्मृतीचे ६४ शब्दांचे ३२ तुकडे पाडले असून ते एकाआड एक मोकळे आहेत. अशा वेळी १,०२४ शब्द मोकळे असूनही सलग ६५ शब्दांची मागणी पुरी होत नाही. शेतजमिनीबाबत १९४७ च्या मुंबई तुकडेबंदी कायद्याने तुकड्यांची अदलाबदल करून एकत्रीकरणाचा मार्ग काढला. येथे तो बहुधा बंद असतो, कारण अभिक्रमाने दिलेल्या जागेचे पत्ते नोंदवून ठेवलेले असतात. लगतचे मोकळे तुकडे जोडणे एवढेच हाती राहते.

प्रथमानुरूप पद्धतीत पुरेसा मोठा असा पहिलाच तुकडा देतात, तर उत्तमानुरूप पद्धतीत पुरेशा तुकड्यांपैकी सर्वांत लहान देतात. दुसरी पद्धत वरकरणी काटकसरीची. पण तीत निरुपयोगी बारीक तुकडे उरतात. जे. एम. रॉब्सन यांनी १९७७ मध्ये दाखविले की, अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत प्रथमानुरूप पद्धतीस लागणारी जागा मागणीच्या कमाल आकाराच्या लॉगरिथमाच्या प्रमाणात वाढते, उत्तमानुरूप पद्धतीस मात्र जवळजवळ त्या आकाराच्याच प्रमाणात. व्यवहारातील अभिक्रम त्याच त्या आकारांच्या मागण्या वारंवार करतात, त्यामुळे प्रत्यक्षात हीच पद्धत पुष्कळदा सरस ठरते.

के. सी. नोल्टन यांनी १९६५ मध्ये वर्णिलेल्या जोडीदार पद्धतीत सर्व तुकडे २ च्या घाताच्या आकाराचे असतात. पत्त्यातील एक द्विमान अंक बदलला की जोडीदाराचा पत्ता मिळतो व जोडणी झटपट होते; मात्र ६५ शब्दांसाठी १२८ शब्द अडकतात. जेफ बॉनविक यांच्या १९९४ मधील स्लॅब पद्धतीत एकाच प्रकारच्या वस्तूंसाठी एकाच मापाच्या जागा आधीच आखून ठेवतात. लिनक्सच्या गाभ्यात या दोन्ही पद्धतींची सांगड घातलेली आहे.

विमाननियंत्रणासारख्या, ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावेच लागणाऱ्या यंत्रणांत सरासरी वेगाला फारसे महत्त्व नसते. तेथे बहुधा सर्व वाटप आरंभीच उरकतात व काम सुरू झाल्यावर नव्या मागण्या स्वीकारीत नाहीत.