मोठी निगेटिव्ह, घरचा एन्लार्जर

‘मोठ्या निगेटिव्हला मोठं विलायती यंत्र लागतं, ते बोरी अरबसारख्या गावात कुठून आणायचं?’ हा पहिला गैरसमज, आणि बाकीचे बहुतेक यातूनच निघतात. हिशोब उलटा आहे. 35 मि.मी.च्या फिल्मवरून 8 × 10 इंची प्रिंट काढायची तर चित्र साधारण आठ पट वाढतं. सोबत धूळ, ओरखडे, यंत्राची थरथर हेही आठ पट वाढतं. 4 × 5 इंची निगेटिव्हवरून तीच प्रिंट दुपटीत होते, त्यामुळे सुताराच्या हातून राहिलेला दोषही दुपटीपलीकडे जात नाही. एन्लार्जर घरी बांधायचाच असेल, तर तो मोठ्या निगेटिव्हचा बांधणं सोपं.

यंत्र छताला टेकेल ही भीतीही फुकाची. 150 मि.मी.ची लेन्स आणि दुप्पट प्रिंट असेल, तर निगेटिव्हपासून लेन्स साडेबावीस सेंटिमीटरवर आणि लेन्सपासून कागद पंचेचाळीसवर. चौपट प्रिंटलाही एकूण अंतर मीटरच्या आतच राहतं. जुन्या स्टुडिओंतल्या हाफ प्लेटचा कर्ण सुमारे 20 सेंटिमीटर असतो, तिला 210 मि.मी.ची लेन्स घ्यावी. घरात भात्याचा जुना कॅमेरा पडून असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. मागची फोकसिंगची काच काढून तिथे निगेटिव्हची चौकट बसवायची, तिच्यामागे दिवा, आणि कागद समोरच्या भिंतीवर. आडव्या एन्लार्जरला खांब लागत नाही. ठोकळे सागाचे करा. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात साग नवलाचा नाही.

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते दिव्यात. ‘बल्ब जितका मोठा, तितकी प्रिंट चांगली’ असं समजून दोनशे वॉटचा बल्ब लावला की फिल्म तापते, मधोमध फुगते आणि फोकस सुटतो. शिवाय आपल्याकडचं व्होल्टेज! ते दहा टक्के उतरलं की तारेच्या बल्बचा उजेड जवळपास तीस टक्के उतरतो आणि आधीच्या चाचणी-पट्टीवर काढलेली वेळ वाया जाते. बारा व्होल्टचं एलईडी पॅनल बॅटरीवर आणि स्थिर व्होल्टेज देणाऱ्या ड्रायव्हरवर चालवलं तर हा प्रश्न उरत नाही, लोडशेडिंगचाही नाही. पॅनल निगेटिव्हपेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठं घ्या आणि मधे थोडं अंतर ठेवून नावफलकवाल्याकडचं दुधी ॲक्रिलिक लावा.

‘कंडेन्सरच्या भिंगांशिवाय प्रिंट धारदार येत नाही’ हेही अर्धवट खरं. कंडेन्सरचा सरळ प्रकाश निगेटिव्हमधल्या चांदीच्या कणांवर विखुरतो, त्यामुळे कॉन्ट्रास्ट वाढतो. बेल्जियन संशोधक आंद्रे कॅलिए यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. वाढलेल्या कॉन्ट्रास्टमुळे प्रिंट धारदार भासते, एवढंच. 4 × 5 चा कर्ण 163 मि.मी. आहे, त्याहून मोठी भिंगं शोधत फिरण्यात अर्थ नाही. दुधी प्रकाशात ओरखडे आणि जुन्या रिटचिंगच्या पेन्सिलखुणाही कमी दिसतात.

पांढऱ्या एलईडीवर व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट कागद चालत नाही, असंही ऐकू येतं. चालतो. त्या कागदाला निळा आणि हिरवा प्रकाश कळतो आणि पांढऱ्या एलईडीत दोन्ही असतात. पिवळसर पॅनलमध्ये निळा कमी, म्हणून थंड पांढरं घ्या.

लेन्सबद्दल थोडक्यात: कॅमेऱ्याची लेन्स एन्लार्जरला चालते. ती दूरच्या दृश्यासाठी बनवलेली असते, म्हणून एफ-11 किंवा 16 वर ठेवा. लेन्सवर पैसे घालण्याआधी निगेटिव्ह, लेन्स आणि कागद समांतर आहेत का ते तपासा. टाकाऊ काळ्या फिल्मवर सुईने आयत ओरखडा आणि त्याची प्रतिमा कागदाच्या जागी पाडा. दोन्ही कर्ण सारखे भरले आणि लेन्स पूर्ण उघडी असताना चारही कोपरे स्पष्ट दिसले, तर यंत्र सरळ आहे.

घरी यंत्र बांधणं हा हौशी वेडेपणा आहे, असं म्हणणाऱ्यांना कोल्हापूरची आठवण करून द्यावी. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी चक्क सिनेमाचा कॅमेरा घरी बनवायला घेतला होता; आनंदराव गेल्यावर बाबूरावांनी तो पुरा केला आणि 1920 साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. एन्लार्जर त्यापुढे किरकोळ. आणि विजेचंच म्हणाल, तर 1857 साली अमेरिकेत वुडवर्ड यांनी पेटंट घेतलेला एन्लार्जर उन्हावर चालत असे. विदर्भात ऊन मागून घ्यावं लागत नाही, पण मे महिन्यात डेव्हलपर 20 अंशांवर टिकवायला बर्फ लागेल. ही कामं हिवाळ्यात काढावीत.

शेवटचा गैरसमज लाल झिरोच्या बल्बचा. तो झिरो वॉटचा नसतो, दहा-पंधरा वॉट खातो आणि त्याच्या रंगातून पांढरा प्रकाश झिरपू शकतो. एन्लार्जरखाली कागदाच्या तुकड्याला जेमतेम राखाडी येईल इतका प्रकाश द्या, मग त्यावर नाणं ठेवून तो लाल दिव्याखाली पाच मिनिटं राहू द्या आणि डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर बल्ब बदला. फोटोपेपर महाग आहे. म्हणून आधी छोटं पाकीट घेऊन ही परीक्षा करा, मोठं नंतर मागवा.