चित्रपट पाहिल्यानंतर

चित्रपट संपतो, दिवे लागतात, आणि 'आता थोडी चर्चा करू' असे कोणी म्हणताच निम्मी मंडळी चपला शोधू लागतात. बस चुकेल हे निमित्त. खरे कारण, 'आपल्याला त्यातले काय कळते?' ही भीती होय.

मोठ्या कंपनीच्या चित्रपटाचे आपल्या मौनाने फारसे बिघडत नाही. त्याच्या जाहिराती गावभर बोलतच असतात. स्वतंत्र चित्रपटाचे तसे नाही. दिग्दर्शकाने थोड्या पैशांत, आपल्या मनासारखा केलेला हा चित्रपट एका प्रेक्षकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी जातो. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आदींनी १९४७ साली कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ निघाले. अशा संस्थांत पाहण्याइतकेच पाहिल्यानंतरच्या बोलण्याला महत्त्व असते.

पण बोलावयाचे कसे? चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' घ्या. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविलेला हा चित्रपट २०१५ साली आपल्याकडे लागला. शाहिराचे गीत ऐकून एका सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप त्या वृद्ध शाहिरावर आहे. अखेरीस न्यायालयाला उन्हाळी सुटी लागते, माणसे निघून जातात, दिवे मालवले जातात, आणि कॅमेरा त्या रिकाम्या दालनात अंधार होईपर्यंत थांबून राहतो. वाटते, संपले! तर पुढे न्यायाधीशमहाराज सहलीला निघालेले दिसतात.

चर्चेत एक गृहस्थ म्हणतात, 'फार संथ आहे बुवा.' दुसरे म्हणतात, 'श्रेष्ठ कलाकृती!' झाले, बोलणे खुंटले. दोघांनीही निकाल दिला. साक्ष कोणीच दिली नाही. त्याऐवजी एखाद्या बाई म्हणाल्या, 'अंधार झाला तेव्हा मी पिशवी उचलली, आणि पुढे ती सहल पाहून मला चीड आली,' तर शेजाऱ्याला लगेच विचारता येते: चीड कशाची? शाहीर कोठडीत असताना न्यायाधीश सुटीवर जातो याची, की आपणही तसेच उठून निघालो होतो याची? मला स्वतःला हा दुसरा प्रश्न अधिक बोचतो.

मग एखादे निवृत्त कारकून विचारतात, 'न्यायाधीशाने सुटी घेऊच नये काय?' त्यांना गप्प करू नये. बाकावर डुलकी घेणाऱ्या त्या न्यायाधीशाला मुले दचकवतात तेव्हा तो एका पोराला चापट मारतो, हे तेवढ्यात कोणाला तरी आठवते, आणि सारा प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहतो. बस चुकते ती येथे.