परार्धाच्या पलीकडे

पावसाळा सुरू झाला आणि खडकवासल्याच्या सांडव्यातून मुठेत पाणी सोडल्याची वार्ता आली, की मौजे वारजे येथील नदीकाठच्या वस्तीपासून थेट पेठांपर्यंत प्रत्येक घरात वृत्तपत्रातील धरणसाठ्याचा तपशील अगत्याने वाचला जातो. आणि खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या चार धरणांची एकत्रित क्षमता सुमारे २९ टीएमसी आहे, हा आकडा तर पुणेकरांच्या तोंडीच असतो. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात एकावर नऊ शून्ये; ती शून्ये एकदाच एका संज्ञेत बांधून ठेवावीत आणि पुढचा सारा हिशेब लहान आकड्यांत करावा, ही जी सोय पाटबंधारे खात्याने केली आहे, तीच ग्रहगोलांच्या मापनात घातांकांच्या रूपाने कामी येते.

चारही धरणे काठोकाठ भरली, तरी त्यांतील पाणी एक घन किलोमीटरसुद्धा होत नाही. उलट पृथ्वीचे घनफळ १.०८ गुणिले १० चा १२ वा घात इतके घन किलोमीटर आहे. गुरूच्या बाबतीत हाच घातांक १५ होतो, आणि त्यामागचा गुणक १.४३, सूर्याचा घातांक १८, गुणक १.४१. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत, उत्तरोत्तर दसपट होत जाणारी अठरा स्थाने सांगितली आहेत. त्या गणनेने पृथ्वी एका महापद्माहून किंचित मोठी भरते, गुरू सुमारे दीड अंत्य, आणि सूर्यापाशी पोहोचताच अखेरचे स्थान जे परार्ध, त्याचीही चौदा पट करावी लागते. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे; त्या मठातील विद्यार्थ्यांना ही स्थाने मुखोद्गत असणार, याविषयी मला शंका वाटत नाही. परंतु पृथ्वीचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये लिहू गेल्यास घातांक २४ येतो, आणि तेथे नावांचा संग्रह संपतो. घातांकाला मात्र नावाची गरजच नसते.

आता तुलना. विषुववृत्तावर मोजलेला गुरूचा व्यास १.४३ गुणिले १० चा ५ वा घात, तर पृथ्वीचा १.२८ गुणिले १० चा ४ था घात किलोमीटर आहे. गुणकाला गुणकाने भागावे, घातांकातून घातांक वजा करावा, की ११.२ हे उत्तर हाती येते. त्याचा घन केला तर गुरूत १,४०० पृथ्व्या मावाव्यात. प्रत्यक्षात त्या १,३२१ इतक्याच मावतात, कारण दहा तासांहूनही कमी वेळात स्वतःभोवती फिरणारा हा वायुमय गोल ध्रुवांपाशी दबलेला आहे. त्याचा ध्रुवीय व्यास विषुववृत्तीय व्यासाहून ९,२७६ किलोमीटरांनी कमी, म्हणजे नुसती तफावतच मंगळाच्या संपूर्ण व्यासापेक्षा मोठी! ज्याचा एकच एक व्यास सांगता येत नाही, अशा गोलासाठी सहा अंकी आकडा मिरवण्यापेक्षा '१.४ आणि घातांक ५' असे लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

मात्र केवळ घातांकावर विसंबणाऱ्याची फसगत ठरलेली. मंगळाच्या व्यासाचा घातांक ३ आणि पृथ्वीचा ४, म्हणून पृथ्वी दहापट मोठी असे कोणी म्हणेल; परंतु मंगळाचा गुणक ६.७९ असल्यामुळे ती दुपटीलाही किंचित कमीच पडते. याउलट पृथ्वी आणि युरेनस या दोहोंचा घातांक ४ हाच असूनही युरेनसचा व्यास पृथ्वीच्या चौपट आहे.

शाळांतील मुलांसाठी या पद्धतीचा एक प्रयोग वारज्यातच करता येईल. सारी मापे मीटरमध्ये लिहून प्रत्येक घातांकातून ९ वजा करावेत, की सूर्य १.३९ मीटर व्यासाचा होतो. तो महामार्गावरील वारज्याच्या पुलाखाली ठेवला, तर पृथ्वीचा घातांक ७ वरून उणे २ वर येऊन ती १.३ सेंटिमीटरांची गोळी बनते आणि १५० मीटरांवर फिरते. गुरू १४ सेंटिमीटरांचा होऊन सुमारे ७७८ मीटरांवर जातो. आणि नेपच्यून शोधायला कर्वेनगर मागे टाकून सरळ साडेचार किलोमीटर चालावे लागते.

युरेनस आणि नेपच्यून या शेवटच्या जोडीविषयी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. व्यासाने युरेनस नेपच्यूनहून थोडा मोठा. तरी युरेनसचे वस्तुमान ८.६८ गुणिले १० चा २५ वा घात किलोग्रॅम, तर नेपच्यूनचे १.०२ गुणिले १० चा २६ वा घात. येथेही घातांक एकाने वाढलेला दिसतो, पण प्रत्यक्ष वाढ सुमारे १८ टक्क्यांचीच आहे; नेपच्यूनचे द्रव्य अधिक दाट असल्यामुळे त्याची सरासरी घनता पाण्याच्या १.६४ पट भरते, आणि युरेनसची केवळ १.२७ पट.