उत्तर २ की ३?

मुलुंडच्या एखाद्या कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब डोळ्यांसमोर आणा. एका मुलीसमोर सीनियरकडून मिळालेल्या नोट्स. त्यात लिहिलंय, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या, संख्या जवळच्या पूर्णांकावर नेणाऱ्या 'राउंड' फंक्शनला २.५ दिले की उत्तर ३ येते. पडद्यावर येते २. मुलगी पुन्हा टाइप करते, पुन्हा २. आपलंच काहीतरी चुकलं, असं समजून ती गप्प बसते.

खरं तर नोट्स शिळ्या झाल्या आहेत. पायथन २ मध्ये उत्तर ३ यायचं. पायथन ३ मध्ये नियम बदलला: संख्या बरोबर मधोमध असेल तर समसंख्येकडे जायचं. म्हणून २.५ चे २ आणि ३.५ चे ४. प्रत्येक अर्धा वरच ढकलला तर मोठ्या हिशेबात बेरीज फुगत जाते, म्हणून ही तजवीज. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली, पण नोट्स हातोहात फिरतच राहिल्या.

नोट्सवर असं विसंबता येत नाही, पण भाषेसोबत येणाऱ्या लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन म्हणजे प्रोग्रामरला दिलेला शब्द असतो. 'डिक्शनरी' या माहिती साठवण्याच्या रचनेतल्या नोंदी ज्या क्रमाने घातल्या त्याच क्रमाने मिळतील असं धरू नका, असं पायथनचं डॉक्युमेंटेशन वर्षानुवर्षं बजावत होतं. २०१६ च्या ३.६ आवृत्तीत आतली रचना बदलली आणि क्रम आपोआप टिकू लागला. तरीही 'यावर विसंबू नका' हा इशारा कायम होता. २०१८ च्या ३.७ मध्ये क्रमाची हमी दिली गेली, तेव्हा कुठे त्यावर निर्धास्तपणे प्रोग्राम बेतता आला. लिहिणाऱ्यांचा हा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटतो.

हा शब्द पाळला जातोय का, हे काही अंशी यंत्रही तपासतं. टिम पीटर्स यांनी लिहिलेलं 'डॉकटेस्ट' हे साधन २००१ पासून पायथनमध्येच आहे. मजकुरातली उदाहरणं ते खरोखर चालवून बघतं आणि छापलेल्या उत्तराशी ताडतं. २.५ ची चूक त्याने क्षणात पकडली असती. मात्र उदाहरणाभोवतीची वाक्यं खरी आहेत का, हे त्याला कळत नाही. तिथे माणूसच लागतो, आणि तोही नवखा असलेला बरा. पवईच्या आयआयटी मुंबईतल्या, सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात धड्याची संहिता विषय नवीन असलेल्या व्यक्तीकडून तपासून घेण्याची पायरीच आहे. जाणकार नकळत गाळलेल्या जागा भरून वाचतो, नवखा तिथेच अडतो. हे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. म्हणूनच आवृत्ती बदलली की मूळ धड्याइतकीच त्याच्या मराठी निवेदनाचीही काळजी घ्यावी लागते.

पायथनचं डॉक्युमेंटेशन मूळ कोडच्या शेजारीच, 'डॉक' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं आणि त्यात दुरुस्ती कुणीही सुचवू शकतं. तेव्हा उत्तर वेगळं आलं तर गप्प बसू नका. आधी चालू आवृत्तीचं डॉक्युमेंटेशन उघडून बघा. तिथेही जुळत नसेल तर आवृत्तीचा क्रमांक, टाइप केलेली ओळ आणि आलेलं उत्तर, एवढं लिहून कळवा.