विश्लेषण : झणझणीत रश्शासोबत कोणती वाइन? मराठी खवय्याचा घोट नेमका कुठे फसतो?

देशातील सर्वाधिक वाइन महाराष्ट्रात तयार होते. तरीही मराठी ताट आणि वाइनचा ग्लास यांची गाठ क्वचितच नीट पडते. दोष द्राक्षांचा की आपल्या निवडीचा?

प्रश्न आला कुठून?

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यापासून नाशिकच्या द्राक्षबागा सुमारे चारशे किलोमीटरवर. हा पट्टा हळद, सोयाबीन आणि कापसाचा. ताटात ज्वारीची भाकरी, ठेचा आणि मटणाचा लालभडक रस्सा. गावाकडे वाइन म्हणजे ‘वाइन शॉप’. त्या पाटीखाली खपते मात्र मुख्यतः व्हिस्की आणि रम. अशा भागातून पुण्या-मुंबईला गेलेली पिढी आता सुट्टीत नाशिकला ‘वाइन टेस्टिंग’ करून येते. तिथे आवडलेली रेड वाइन पुढे मटणाच्या ताटासोबत मागवली, की ती कडवट आणि जळजळीत लागते. बाटली तीच असते, चव पार बदललेली असते.

तिखटासोबत रेड वाइन का बिघडते?

मिरचीतील कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवते. म्हणून तोंड ‘भाजते’. हे ग्राही एरवी सुमारे 42 अंश सेल्सिअसला जागे होतात. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार अल्कोहोलमुळे ही मर्यादा सुमारे 34 अंशांपर्यंत उतरते, म्हणजे शरीराच्या तापमानाच्याही खाली. मिरचीने पेटलेल्या तोंडात 14 टक्के अल्कोहोलची वाइन ओतणे म्हणजे आगीत तेलच. त्यात रेड वाइनमधील टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटून तोंड कोरडे पाडते. चुलीवरच्या काळ्या मसाल्याची कडसर चव त्यात मिसळली की वाइनमधला फळाचा स्वाद पूर्ण झाकला जातो.

मग मराठी ताटासोबत काय?

गोडवा तिखटाला आवरतो. म्हणून अल्कोहोल कमी, गोडवा किंचित आणि टॅनिन जवळपास नाही अशी थंड पांढरी वाइन रश्शापुढे टिकते. शेनिन ब्लाँ ही द्राक्षजात इथे कामी येते. राजीव सामंत यांनी 1997 मध्ये नाशिकजवळ लावलेल्या पहिल्या जातींत सोव्हिन्यो ब्लाँसोबत हीच होती. 2000 मध्ये बाजारात आलेल्या या वाइनला त्यांनी आईच्या, सुलभा यांच्या नावावरून ‘सुला’ म्हटले. सोव्हिन्यो ब्लाँ मात्र आंबटसर, लिंबाची आठवण करून देणारी. तळलेल्या सुरमईसोबत ती जमते, ठेच्यासोबत चरचरते.

रेडच हवी असेल तर भाजलेल्या, कमी तिखट मटणासोबत घ्यावी. अकलूज परिसरातील ‘फ्रातेल्ली’च्या बागांत इटलीची सांजोव्हेजे ही जात रुजली आहे. इटलीतील, दिल्लीतील आणि अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यातील अशा भावांच्या तीन जोड्यांनी उभारलेला हा प्रकल्प. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये ‘भाऊ’. उसासाठी ओळखल्या जाणाऱ्या मुलखात सांजोव्हेजे पिकते, हे पुष्कळांना अजून ठाऊक नाही.

पुरणपोळीपुढे मात्र बहुतेक वाइन आंबट लागते. पदार्थापेक्षा वाइन गोड असावी, हा साधा हिशेब. वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर उतरवलेल्या द्राक्षांची ‘लेट हार्वेस्ट’ कशीबशी तग धरते. खरे तर तिथे तूपच बरे.

‘रूम टेंपरेचर’चा घोळ

रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, हा सल्ला युरोपातल्या जुन्या, गार घरांतून आला. तिथली खोली 16 ते 18 अंशांची. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि कपाटात ठेवलेली बाटलीही तापते. अशा वाइनमध्ये अल्कोहोलचाच वास आधी नाकात शिरतो. रेड बाटली देण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली तरी फरक कळतो. पांढरीला 8 ते 10 अंश हवेत. हॉटेलात रेडसाठी बर्फाची बादली मागायला संकोच वाटतो, पण मागावी.

महाग तीच लक्षात राहते?

नेहमीच नाही. 2008 मध्ये अमेरिकेतील कॅलटेक आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 20 जणांना एकच वाइन कधी 10, तर कधी 90 डॉलरची म्हणून चाखवली. किंमत जास्त सांगितली तेव्हा ती अधिक रुचली. मेंदूच्या स्कॅनमध्ये आनंदाशी निगडित भागही अधिक सक्रिय दिसला. हॉटेलातल्या यादीत दुकानाच्या दुप्पट-तिप्पट किंमत मोजणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हरकत नाही. वेटर आधी थोडीशी ओततो ती पसंती विचारण्यासाठी नव्हे. ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा शिरक्यासारखा वास येत असेल तर तेव्हाच सांगायचे असते. नुसता ग्लास मागवणार असाल, तर बाटली कधी उघडली हे आधी विचारावे. कालची असेल तर दुसरे काही घ्यावे.

याचा शेतकऱ्याशी काय संबंध?

राज्याने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले आणि वायनऱ्या वाढल्या. वाइनच्या द्राक्षांना खाण्याच्या द्राक्षांसारखा खुला बाजार नाही. वायनरीने उचलली तरच पैसे. 2008 नंतर मंदी आणि मुंबईवरील हल्ल्यामुळे पर्यटन थंडावले, हॉटेलांतली मागणी घसरली. कित्येक लहान वायनऱ्या अडचणीत आल्या. नारायणगावची, भारतीय स्पार्कलिंग वाइन परदेशी पाठवणारी शाटो इंडाजही कोलमडली. माल पडून राहिलेल्या शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली.

जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. विरोधानंतर तो प्रत्यक्षात उतरला नाही. मद्य प्राशनासाठी राज्यात परवाना लागतो आणि वर्धा व गडचिरोलीत दारूबंदी आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे खप भरमसाट वाढावा, असे म्हणण्यात अर्थ नाही. पण मुळात कमी पिणारा ग्राहक चुकीच्या जोडीने एकदा पोळला, की तो पुन्हा वाइनची यादी उघडत नाही, आणि त्याचा फटका निफाड-दिंडोरीच्या बागेपर्यंत पोहोचतो. राज्यातील हॉटेलांच्या वाइन याद्यांत पास्ता आणि चीजसोबतच्या जोड्या हमखास सापडतात. पिठले, ठेचा, काळा रस्सा यांचे नाव त्यात शोधावे लागते.