मोटरघर वेगळे, गोदाम वेगळे

गोंदियाच्या राईस मिलमध्ये मोटर एका बाजूला असते आणि धानाची पोती गोदामात असतात. मोटर जळाली तर दुसरी बसवता येते. धानाला धक्का लागत नाही. घरातील फोटो, चित्रफिती आणि कागदपत्रे साठवणाऱ्या संगणकाची, म्हणजेच सर्व्हरची, मांडणीही अशीच का करतात ते पाहू.

सर्व्हरची कार्यप्रणाली ही त्याची मोटर. ती सतत बारीकसारीक नोंदी लिहीत असते. ती माहितीच्याच हार्ड डिस्कवर ठेवली तर काय होईल? मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या चकतीला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा शीर्षाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद, शीर्ष सरकायला आणखी ८-९. असा एकेक तुकडा १३ मिलिसेकंदांचा! म्हणजे विखुरलेली वाचने सेकंदाला जेमतेम ७५-८०. त्यातच कार्यप्रणालीची लुडबुड.

शिवाय ती डिस्क कधी विसावतच नाही. ती ५ वॅट खाते असे धरा. वर्षभरात सुमारे ४४ युनिट वीज झाली. ती सारी शेवटी उष्णताच होते, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे.

ही युक्ती नवी नाही. रिची आणि टॉम्प्सन यांनी १९७४ साली युनिक्स प्रणालीवर लिहिलेल्या निबंधातही मूळ प्रणाली एका डिस्कवर आणि वापरणाऱ्यांच्या फाइली दुसऱ्या मोठ्या डिस्कवर, अशी व्यवस्था सांगितली आहे.

मग प्रणालीसाठी काय घ्यावे? फिरता भाग नसलेली लहान एसएसडी उत्तम. १२० गिगाबाइट पुष्कळ झाले. पेन ड्राइव्ह स्वस्त खरा, पण त्यातील स्मृतिपेशी ठरावीक वेळाच लिहिता येतात आणि सततच्या नोंदींनी तो लवकर झिजतो. तो मला पसंत नाही.

एसएसडी बिघडली तर नवी लावून प्रणाली पुन्हा बसवायची. मात्र जुन्या जुळणीची नोंद, आणि माहिती कुलूपबंद असेल तर तिची किल्ली, अन्यत्र जपलेली हवी. नाहीतर गोदाम शाबूत असूनही उघडणार नाही. माहितीची डिस्कही कधीतरी बिघडतेच, तेव्हा तिची दुसरी प्रत लागतेच लागते. आणि प्रणाली नव्याने बसवताना माहितीच्या डिस्कच्या केबल आधी काढून ठेवाव्यात. चुकीची डिस्क निवडली गेली तर ती क्षणात पुसली जाते.