दुभंगलेला ओठ आणि दातांची हकीगत

ओठ दुभंगलेले मूल जन्माला आले की आपल्याकडे वडीलधाऱ्यांची पहिली चौकशी पुष्कळदा हीच असते की, गरोदरपणी ग्रहण कधी लागले होते आणि त्या वेळी सुनेने विळी हाती धरली होती काय. आणि जिचा यात तिळमात्र दोष नाही अशा त्या मातेच्या माथी हा आरोप जन्मभरासाठी मारला जातो. वस्तुतः गर्भाचा वरचा ओठ आणि त्यामागील दात धारण करणारे हाड गर्भावस्थेच्या सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास सांधले जाते व टाळूचा सांधा बाराव्या आठवड्यापर्यंत पुरा होतो. सुमारे ७०० जन्मांत एकदा हे मीलन अपुरे राहते, आणि त्याची कारणे अनुवंशात, तसेच मधुमेह, धूम्रपान, अपस्मारावरील काही औषधे यांत आढळतात. ग्रहणाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

याहून मला अधिक चिंताजनक वाटतो तो सुशिक्षित घरांतही रुजलेला समज, की पहिल्या काही महिन्यांत ओठ शिवला, वर्ष-दीड वर्षात टाळूची फट मिटवली, म्हणजे प्रकरण निकालात निघाले. ही फट हिरडीतूनही जात असेल, तर ती नेमकी समोरच्या मोठ्या दाताशेजारचा लहान दात आणि सुळा जेथे घडतात तेथूनच जाते. त्यामुळे त्या लहान दाताचा अंकुरच पुष्कळदा नसतो, कधी तो निमुळत्या खुंटीसारखा उगवतो, कधी एकाऐवजी दोन येतात, आणि शेजारचा मोठा दात स्वतःभोवती फिरलेला व डागाळलेल्या, ठिसूळ कवचाचा निघतो. असे दात पाहून आईबाप शल्यवैद्याला बोल लावतात. शिवणीच्या व्रणामुळे वरच्या जबड्याची वाढ काहीशी खुंटते हे खरे. परंतु फटीपासून दूर, क्वचित खालच्या जबड्यातही, उपदाढ उणी असणे किंवा दात उशिरा येणे या गोष्टी अशा मुलांत इतरांहून अधिक दिसतात, त्या सुईदोऱ्याने झालेल्या नसतात. काही कुटुंबांत तर एमएसएक्स-१ या एकाच जनुकातील दोष टाळूही दुभंगवतो आणि दातही उणे ठेवतो.

दुधाचे दात पडणारच, मग त्यांची निगा कशाला, हा प्रश्न येथे विशेष महाग पडतो, कारण वेड्यावाकड्या दातांत ब्रश नीट पोहोचत नाही, कीड लवकर लागते आणि किडलेल्या तोंडात पुढील शस्त्रक्रियेला संसर्गाचे भय असते. जास्तीचा दात दिसताच उपटून टाकण्याची घाईही बरी नव्हे. तो असेपर्यंत भोवतीचे तुटपुंजे हाड टिकून राहते, म्हणून तो कधी काढावा हे क्ष-किरण चित्र पाहून उपचार करणाऱ्या मंडळींनी ठरवावे.

आणि ज्या गोष्टीची मुदत टळता कामा नये, ती म्हणजे हिरडीच्या फटीत हाड भरण्याची शस्त्रक्रिया. सुळ्याचे मूळ अर्धे ते दोन-तृतीयांश घडले असेल आणि तो अजून उगवायचा असेल, अशा बहुधा ८ ते ११ या वयात कमरेच्या हाडातील मऊ भाग काढून हिरडीच्या फटीत भरला, तर सुळा त्या नव्या हाडातून आपोआप खाली उतरतो व शेजारच्या दातांना आधार लाभतो. बॉइन आणि सँड्स यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही पायाभूत आहे. ‘मोठा झाल्यावर बघू’ असे म्हणणाऱ्या पालकांच्या हातून हीच संधी निसटते, कारण सुळा उगवून गेल्यावर भरलेले हाड तितकेसे टिकत नाही. खर्चाच्या धास्तीने थांबलेल्यांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे अवश्य चौकशी करावी. २०१३ साली सुरू झालेल्या या योजनेत दुभंगलेल्या ओठ-टाळूचा समावेश आहे. उणा राहिलेला दात मात्र पुढे कितीही वाट पाहिली तरी उगवत नाही: त्याच्या जागी तारेने सुळा सरकवून त्याला आकार देतात, किंवा जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत काढघाल करता येणारा दात देऊन मग हाडात कायमचा दात बसवतात.